मुठीतली ऊब

दादा तिसऱ्यांदा तीच करवत घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बाहेर गुडघाभर बर्फ, टेबलावर कामांचा ढीग, आणि हे साहेब म्हणतात, "मूठ अजून तापत नाही गं."

झाडं कापायची ती पेट्रोलची करवत. थंडीत बोटं आखडू नयेत म्हणून मुठीत तापणारी तार असते. बिघाड शोधायची रीत ठरलेली: आधी स्विच, मग वायरी, मग ती तार. मागच्या दोन्ही खेपांना मीटर लावला होता, सगळं ठणठणीत. तरी कटकट नको म्हणून स्विच बदलून दिला होता.

"बस तिथे," मी म्हटलं. "आज तुझ्यासमोरच सोक्षमोक्ष लावते."

मुठीचं रबर काढलं. तार अखंड. वायरी ओढून, वाकवून पाहिल्या. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही, म्हणजे कुठे तुटलेलं नाही. रबर परत चढवलं, दाराबाहेर नेऊन करवत सुरू केली, हातमोजा काढून मूठ धरली. थोड्या वेळाने तळवा छान शेकला. मी इंजिन बंद केलं.

"अरे, तापतेय की चांगली! तुझं आपलं काहीतरीच."

त्यानेही हातमोजा काढला आणि माझ्या हाताशेजारी मूठ धरली. "कुठे? गारच तर आहे."

थट्टा करतोय असं वाटलं मला. मग त्याची बोटं दिसली. टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक. वीस वर्षं करवतीची थरथर सोसलेली बोटं.

"शर्टाची बटणंही लागत नाहीत हल्ली," तो म्हणाला. "थंडीमुळे असेल म्हटलं. तू एकदा नवीन तार टाकून बघ ना."

माझीच मला लाज वाटली. तीन खेपा मीटर लावत बसले, पण त्याचा हात काही हातात घेतला नाही.

"मूठ चांगली आहे, दादा. आधी दवाखान्यात चल."

"आणि डॉक्टर म्हणाले, करवत सोड, तर? मला दुसरं काय येतं गं?"

मी करवत आत ठेवली, दुकानाला कुलूप घातलं. रस्ता निसरडा होता, म्हणून त्याचा हात घट्ट धरला. कोपऱ्यावर वळताना त्याने खाली पाहिलं, मी हात धरलाय की सोडलाय ते बघायला.