गोड मासा

सासरे सुनेशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं की राग नव्हता. परदेशात मुलाकडे येऊन आठ महिने झाले तरी त्यांचा संकोच काही सुटला नव्हता, इतकंच. "तिला म्हणावं, चहा छान झालाय," असं ते मुलाला सांगायचे, आणि सून समोरच कप धरून बसलेली असायची. मग मुलगा आठवडाभर कामासाठी दुसऱ्या शहरात गेला आणि मधला माणूसच उरला नाही. दोन दिवस सासऱ्यांनी फ्रिजवर भागवलं. "लिंबू संपलंय वाटतं," असं ते फ्रिजकडे बघून म्हणायचे.

सून इस्पितळात एक्स-रे काढायची. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे दिवसभर लोकांना सांगायचं आणि घरी येऊन आपणच श्वास धरून बसायचं, असं तिचं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. दूध आणायला दोघं निघाली, पुढे सासरे आणि चार पावलं मागे ती.

कोपऱ्यावर गोठवलेल्या पदार्थांचं एक दुकान होतं. माल कुठल्यातरी तिसऱ्याच देशाचा, अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून सून कधी आत शिरली नव्हती. त्या दिवशी सासरे काचेपाशी थबकले. आत धिप्पाड दुकानदारीणबाई एका फ्रीझरचं सरकतं झाकण दोन्ही हातांनी ओढत होती. झाकण हलायला तयार नव्हतं.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. अडकलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. सून "अहो बाबा, आपण कशाला..." म्हणेपर्यंत ते आत पोचलेसुद्धा. खिशातला बारीक पेचकस काढून त्यांनी खाचेतला बर्फ खरवडला, एक चाक सरळ केलं आणि बोट लावलं. झाकण सर्रकन सरकलं. बाईनं टाळ्या वाजवल्या आणि सासऱ्यांचा हात धरून त्यांना दुकानभर फिरवलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण माना अशा डोलत होत्या की बघणाऱ्याला ती लहानपणापासूनच्या ओळखीची वाटावीत. पाच पाकिटं घेऊन झाल्यावर बाईनं आपल्याकडून सहावं पिशवीत कोंबलं. त्यावर चित्रच नव्हतं.

घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा जेवणाच्या डब्याएवढा.

"सगळं आजच उडवायला लागणार," सून म्हणाली.

"उडवू की," सासरे फ्रिजला म्हणाले, पण बाह्या वर करून.

पहिल्या पाकिटावर मासा होता. आतही माशाच्या आकाराचे, खवल्यांसकट, गोठलेले तुकडे निघाले. सुनेनं त्यांना मीठ, हळद, लाल तिखट चोळलं आणि ते कडक तळले. सासऱ्यांनी मोठा घास घेतला, आणि त्यांचे डोळे गरगरले.

"अगं, मासा गोड आहे!"

सुनेनं दचकून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. म्हणजे हे "अगं" तिलाच होतं. तिनंही तुकडा मोडला. आत मासा नव्हताच, दाट गोड सारण होतं. तो माशाच्या साच्यातला केक होता, आणि वरून तिखटमीठ!

"टाकून देऊ का, बाबा?"

"टाकतेस कशाला? आण इकडे. भलतंच झालंय, पण झकास झालंय."

मग त्यांना धरबंध राहिला नाही. हिरव्या चकत्या फळाच्या वाटल्या, त्या इतक्या आंबट निघाल्या की सासऱ्यांचा एक डोळा बराच वेळ मिटलेलाच राहिला. सून खुर्चीवरून घसरली. "हसू नकोस, तूही खा," असं म्हणून त्यांनी तिच्या तोंडात एक कोंबली आणि तिचं तोंड बघून स्वतःच पोट धरून बसले.

बिनचित्राच्या पाकिटात बारा पांढरे गोळे होते. ही मिठाईच, असं दोघांचं एकमत झालं. ते ताटात ठेवून दोघांनी जरा पाठ टेकली. तासाभरानं सुनेला हाक आली.

"अगं, लवकर ये! ही मिठाई चालायला लागलीय!"

गोळे फुगून एकमेकांत घुसले होते आणि ताट ओलांडून टेबलावर निघाले होते. ते पावाचं कच्चं पीठ होतं. दोघांनी ते चार हातांनी आवरलं, बदाबदा ट्रेमध्ये लोटलं आणि ओव्हनमध्ये सारलं. सासऱ्यांच्या भुवईला पीठ, सुनेच्या कानाला पीठ. वीस मिनिटं दोघं ओव्हनच्या काचेला नाक लावून उकिडवी बसली.

पाव निघाला तो उशीएवढा, एका अंगाला कललेला, वर सोनेरी.

"त्या बाईला गरम गरम देऊन येऊ," सासरे म्हणाले. "चल, चप्पल घाल."

पंच्यात गुंडाळलेला पाव घेऊन दोघं रस्त्यानं जवळजवळ धावलीच, या वेळी बरोबरीनं. बाईनं ते धूड बघितलं, कपाळावर हात मारला आणि खदाखदा हसत तीन खोकी उलटी मांडली. तिघं त्यावर बसली. बाईनं पाव मोडून मोठा तुकडा सासऱ्यांना दिला. त्यांनी तो फुंकर मारून निम्मा केला आणि अर्धा सुनेपुढे धरला.

"जपून खा, चटका बसेल."

हसून हसून सुनेला उचकी लागली होती, ती काही केल्या थांबेना.