बावीस नंबरची गाडी

"मनुष्यजन्माचं प्रयोजन काय? सांगेल कोणी?"

प्राध्यापकांनी तिसऱ्यांदा विचारलं. बस डेपोच्या उपाहारगृहात चाळीस कर्मचारी माना खाली घालून बसले होते. 'नीतिशास्त्राची ओळख' हा वर्ग सक्तीचा होता. मागच्या बाकावरच्या मिस्त्रीचं लक्ष मात्र खिडकीबाहेर होतं.

सव्वीस वर्षं तो गाड्यांचे ब्रेक बघत आला होता. सकाळीच त्याने बावीस नंबरची गाडी अडवली होती. मागच्या ब्रेकचे लायनर पार झिजले होते आणि त्या गाडीचा रस्ता सगळा उताराचा. साहेब वैतागले होते. "तुमचं रोजचंच आहे हे. जा, वर्गात जाऊन बसा."

आणि आता तीच गाडी, माणसांनी भरलेली, फाटकाकडे निघाली होती.

मिस्त्री उठला तो धावतच सुटला. गाडीसमोर जाऊन उभा राहिला.

"सगळे उतरा खाली! ब्रेक नाहीत हिला!"

ड्रायव्हरने खिडकीतून कागद नाचवला. "अहो, पास झालीय गाडी. ही काय सही!"

सही मिस्त्रीच्या जावयाची होती. मिस्त्रीनेच त्याला हाताखाली घेऊन काम शिकवलं होतं; त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती. तो वर्कशॉपच्या दारात हात पुसत उभा होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"जावईबापू, चाक उघडून बघितलंत?"

"साहेब म्हणाले, बाबा..."

"मी विचारलं, बघितलंत का?"

जावयाने नजर खाली वळवली. लोक कुरकुरत, मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडत उतरले. एका बाईंनी तर त्याला तोंडावरच वेडा म्हटलं.

संध्याकाळी लेक घरी आली ती भांडायलाच. "चारचौघांत त्यांना खाली बघायला लावलंत! उद्या काढून टाकलं म्हणजे?"

"आणि गाडी गेली असती म्हणजे?"

"गेली नाही ना! तुम्हाला कायम स्वतःचंच खरं करायचं असतं."

इतकं साधं घरच्यांनाही कळू नये, याने त्याचा जीव विटला. तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. वर्ग सोडून का गेलात? गाडीला चाळीस मिनिटं उशीर का केलात? वरिष्ठांची परवानगी घेतली होती का? मिस्त्रीने कागद उलटसुलट करून पाहिला. ब्रेकबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्याने खाली लिहिलं, 'लायनर बदलले का?' आणि कागद नेऊन कारकुनापुढे ठेवला.

"अहो मिस्त्री, इथं उत्तर लिहायचं असतं. तुम्ही काय आम्हालाच विचारताय?"

"तेवढं कळलं की लिहितो."

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. पाच वाजता कारकून कपाटाला कुलूप लावून निघाला, तेव्हाही तो तिथेच होता, दाराकडे तोंड करून.