झिऱ्याचं पाणी किती महिने

भगवंतराव कारकुनांनी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, झिऱ्याला पाणी किती महिने? शालिकराम वाटाड्याने पागोटं सोडून पुन्हा बांधलं.

बाळापूरकडून घाटाला जाणारी ही बैलतांड्यांची जुनी वाट. कोसच्या कोस काळा कातळ, औषधालाही झाड नाही. हा दगड एकेकाळी आगीचा रस होऊन वाहत आला, असं मोजणीचा साहेब सांगे. शालिकरामला त्याचं नवल वाटलं नाही. वैशाखात इथे अनवाणी चाललेल्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. विलायतेला कापूस हवा होता, म्हणून सरकार गाडीवाटा पक्क्या करायला निघालं होतं. बारमाही पाण्याची वाट नकाशात राहायची, बाकीच्या खोडायच्या.

झिऱ्याजवळची चार घरं गाड्यांवरच जगत. त्यातलं एक शालिकरामच्या लेकीचं, तानुबाईचं. नवरा तापाने गेलेला. गाडीवानांना भाकरी आणि बैलांना कडबा विकून ती दिवस काढी. आदल्या संध्याकाळी तिने बापाचे पाय धरले होते.

“बारा मयने म्हन, बा. एवढंच म्हन. मी तुले आजवर काई मांगतलं नाई.”

तो हो म्हणाला होता. पण जन्मभर गाड्या हाकलेल्या माणसाचा एकच धर्म: तोंडाने शिव्या द्याव्यात, वेळेला कडबा चोरावा, पाण्याबद्दल मात्र खोटं सांगू नये. या कातळावर तहानेने मेलेल्या बैलांची हाडं त्याने पाहिली होती. एकदा माणसाचीही. तरी लेक ती लेक.

“माघापरेंत,” तो शेवटी म्हणाला. “मंग चिखल रायते, रावसाहेब.”

भगवंतरावांनी वाट खोडली. घास गिळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पुढच्या दिवाळीनंतर शालिकराम लेकीला न्यायला गेला. गाड्या नव्या वाटेने वळल्या होत्या. तीन घरांची छपरंसुद्धा लोकांनी उतरवून नेली होती. तानुबाई तेवढी उरली होती. घरी चल, अर्धी भाकर आपण वाटून खाऊ, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परक्या माणसासमोर ओढतात तसा पदर पुढे ओढून तिने तांब्या भरून आणला आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. मग येणाऱ्याजाणाऱ्या गाडीवानाला विचारी, तेच विचारलं.

“कोनत्या गावचे तुमी, पाव्हने?”

शालिकरामने गावाचं नाव सांगितलं, ओले हात धोतराला पुसले आणि तो कातळावरून चालू लागला.