पूल गेला, असं लिहिलेला दगड

मी दगड आहे. माझ्या अंगावर चार ओळी आहेत आणि त्या चार ओळींपायी मला साठ वर्षांच्या जागेवरून उठावं लागलं. म्हणून आज बोलतोय, एरवी आम्ही दगड कशाला तोंड उघडतो!

दहिसरच्या खाणीतला मी, काळा आणि चिवट. मार्तंड पाथरवटाने मला तासून कमरेएवढा उभा केला. तो पाटे-वरवंटे करणारा. अक्षरं कोरायची त्याची पहिलीच वेळ. म्हणून माझी अक्षरं बुटकी आहेत, जरा डावीकडे कललेली.

ती भीमराजसाठी कोरली. नदीकाठच्या वस्तीतला हा बावीस वर्षांचा शिपाई. बासष्टच्या नोव्हेंबरात तो ईशान्येच्या डोंगरात एका पुलावर होता. शेवटच्या पत्रात त्याने लोकरीचे मोजे मागितले होते. धाकट्या बहिणीचा, शकुचा, एक मोजा विणून झाला होता, दुसरा सुयांवर होता, तेव्हा तार आली.

पूल पडायच्या आदल्या दिवशी जखमी होऊन मागे आणलेला त्याचा एक सोबती पुढे घरी येऊन सगळं सांगून गेला. तुकडीला मागे फिरायचा हुकूम सुटला होता, पण तो पुलापर्यंत पोचलाच नाही. अकरा जण तिथेच राहिले. पूलही हातचा गेला. दोन दिवसांनी लढाई थांबली.

वस्तीने नाक्यावर दगड बसवायचं ठरवलं. कुणी म्हणालं, 'अमर रहे' लिहा. भीमराजच्या वडिलांनी, अप्पांनी, मार्तंडला बाजूला घेतलं. "झालं तेवढंच खोद. वर आणि काही चढवू नको."

मार्तंडने तेवढंच खोदलं:

भीमराज, वय बावीस.
सोबत दहा जण.
मागे फिरायचा हुकूम त्यांना पोचला नाही.
पूल गेला.

एकाहत्तरची लढाई जिंकलो तेव्हा नाक्यावर फटाके फुटले, पेढे वाटले. एक जण हार घेऊन माझ्यापाशी आला, वाचून थबकला आणि हार शेजारच्या विजेच्या खांबाला घालून गेला. मला राग नाही आला. पाहुणे आले की घरातलं दुखणाईत माणूस आतल्या खोलीत नेतात, तसंच देशाचंही असतं.

पुढे रिक्षावाले माझ्यावर ओली फडकी वाळत घालू लागले. 'रूम भाड्याने' असे कागद माझ्या तोंडावर चिकटले. शकु मात्र दर नोव्हेंबरात यायची, कागद खरवडायची, मला धुवायची. तिचं लग्न झालं, नातवंडं झाली, गुडघे गेले. हे काम चुकलं नाही.

गेल्या वर्षी वस्तीतल्या मंडळाने नवं स्मारक करायचं ठरवलं. ग्रॅनाइटचा चौथरा, वर झेंडा उंचावलेला जवान, खाली सोनेरी अक्षरं. मंडळाचा सेक्रेटरी सुशांत, अंधेरीला जाहिरातीच्या ऑफिसात कामाला. स्वभावाने चांगला. शकु मला धूत होती तिथेच तो मोबाइल घेऊन आला.

"आजी, उद्‌घाटन तुमच्या हातून करायचंय. मजकूर ऐका ना, मस्त झालाय. 'शत्रूला धूळ चारून विजयश्री खेचून आणणारे आमचे वीर...'"

शकुने तांब्या खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं रे, धूळ चारली म्हणून?"

"असंच लिहितात ना सगळीकडे. हरलो म्हटलं तर कोण थांबून वाचणार?"

"तू तरी वाचलंयस का? लहानपणापासून ह्याला टेकून वडापाव खातोस."

सुशांत ओशाळला. उकिडवा बसला, ओल्या अक्षरांवरून बोट फिरवत त्याने पहिल्यांदा मला वाचलं.

"हुकूम का नाही पोचला, आजी?"

"हे विचारणारा तू पहिलाच." शकुने तांब्या पुन्हा उचलला. "धूळ चारली म्हटलं की विषय मिटला, बाळा. विषय मिटू नये म्हणून अप्पांनी असं लिहिलं."

सुशांत मंडळात भांडला. पण ग्रॅनाइट कोरून आलं होतं, पाहुणे ठरले होते. "आता पाट्या बदलल्या तर वाट लागेल यार," म्हणून त्याला गप्प बसवलं. मला डेब्रिजच्या टेम्पोत चढवत होते तेव्हा तो टेम्पोपुढे उभा राहिला. तेवढं त्याने जमवलं.

उद्‌घाटनाला बँड होता. शकुला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइक धरला आणि माझ्या चार ओळी पाठ म्हटल्या, त्यापुढे काही नाही. पाहुण्यांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. बँडवाल्यांनाही कळेना, वाजवायचं की थांबायचं.

आता मी चौथऱ्याच्या मागे, नदीकडे तोंड करून असतो. पुढे लोक फोटो काढतात. जवान देखणा आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. शकुला आता जिना उतरवत नाही. या नोव्हेंबरात सुशांत एकटाच तांब्या घेऊन आला.

तो मला धूत होता तेव्हा क्षमा नावाची बाई मागे येऊन थांबली. शेजारच्या टॉवरमध्ये पोळ्या करते. मुलगा फौजेत, सीमेवर. ती पुतळ्याला नमस्कार करून निघाली होती; पाणी ओघळताना दिसलं म्हणून वळली. तिने चारही ओळी हळूहळू वाचल्या.

"हल्ली पोचतात ना रे हुकूम?" तिने विचारलं.

सुशांतने चौथऱ्याच्या पायरीवरचं पाणी हाताने निपटून तिला बसायला जागा केली आणि भीमराजची सगळी गोष्ट सांगितली.

तुम्ही या बाजूला आलात तर पुतळ्यापुढे हात जरूर जोडा. मग चार पावलं मागे या. वाचायला थोडं वाकावं लागेल.