आत्मारामचा अंगठा

"अवो, रक्त येतंय तुमच्या बोटातनं!"

आत्मारामच्या बायकोने, आनंदीबाईने, ताटाकडे हात केला. आत्मारामने आधी ताटातल्या तळलेल्या बांगड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे. पेराच्या मधोमध काटा चांगला खोल रुतला होता आणि भाताला तांबडा डाग पडला होता. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"दुखत नाय?"

"नाय."

"असं कसं नाय?" तिने काटा उपसून काढला आणि त्याच जागी नखाने करकचून चिमटा घेतला. "नि आता?"

आत्मारामने नाही अशी मान हलवली. ती हळद आणायला आत गेली. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पायांना जपायला सांगितलं होतं, बोटांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. आत्माराम घास हातात धरून तसाच बसला. मग त्याला आठवलं, याच अंगठ्याने त्याने सकाळी पस्तीस काडतुसं पास केली होती.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत विठूशेठचं बंदुकांचं परवान्याचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत आत्माराम तीस वर्षं काडतुसं भरत आला होता. बागाईतदार, शेतकरी उडवलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी घेऊन यायचे. आत्माराम प्रत्येकाच्या बुडातली जळकी केप ठोकून काढायचा, भोकातली काजळी खरवडायचा, नवी केप दाबून बसवायचा आणि मग दारू, बूच, छर्रे भरायचा. हे सगळं शिकवलं तर कुणालाही येईल. येत नाही ते केप बसवणं, असं त्याचं ठाम मत होतं आणि चहाला बसणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते निदान दोनदा तरी ऐकवलं होतं.

केप म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान पितळी वाटी. तिच्या तळाशी पापुद्र्याएवढा मसाला आणि त्यावर आतल्या बाजूने बसवलेली चिमुकली ऐरण. बंदुकीची सुई बाहेरून वाटीवर आपटते, मसाला सुई आणि ऐरण यांच्यात चेंगरून पेट घेतो, पुढचं काम दारूचं. केप बसवताना ऐरणीचे पाय भोकाच्या तळाला टेकले पाहिजेत आणि वाटीची पाठ काडतुसाच्या बुडाशी सपाट हवी, फार तर केसभर आत. भोकात काजळी राहिली की केप खाली जात नाही, बाहेर डोकावते. काडतूस घालायला मधोमध दुमडून उघडलेली बंदूक खाडकन मिटताना अशी केप चाप न ओढताच मार खाऊ शकते. बंदूक पुरती मिटायच्या आत बार उडाला, तर धरणाऱ्याचा डोळा जायचा नाहीतर हात.

म्हणून आत्माराम प्रत्येक बुडावरून अंगठा फिरवायचा. एकदाच. तपासायला दुकानात पोलादी पट्टी होती, पण ती हातात घेणं त्याला कमीपणाचं वाटे. "आमच्या आत्मारामचा अंगठा म्हणजे सरकारी शिक्का," असं विठूशेठ गिऱ्हाइकांना सांगायचे. आत्माराम वरवर लाजायचा, पण त्या एका वाक्यावर त्याचा आठवडा जायचा.

हात न धुताच तो ताटावरून उठला. "अवो, जेवा तरी!" असं आनंदीबाई म्हणेपर्यंत तो रस्त्याला लागला होता.

दुपारी दुकान बंद असे, पण मागच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती. सकाळच्या पस्तिसातली पंचवीस काडतुसं लाकडी खणात उभी होती. त्याने पट्टी काढली आणि एकेका बुडावर आडवी धरली. अकराव्या काडतुसावर पट्टी डुगडुगली. विसाव्यावर पुन्हा डुगडुगली.

राहिलेली दहा काडतुसं सकाळी काशीराम घेऊन गेला होता, पावस गावच्या डोंगरउतारावरचा. चैत्र लागला होता, हापूस भरात होता. "च्यार वाजले का वानरां उतरतात भाऊ," काशीराम म्हणाला होता. "मारीत नाय मी, पाप लागंल. दोन बार वर काढतंय, तेवढ्यान् पळतात." आणि बोलताबोलता त्याने दुकानातली एक बंदूक उचलून एका हाताने झटका देत मिटून दाखवली होती. त्याची ही खोड जुनी होती. हळू मिट रे, असं आत्मारामने त्याला दहा वेळा सांगितलं असेल. ती काय काचेची हाय, असं काशीरामचं ठरलेलं उत्तर.

"कोण आहे खाली?" विठूशेठ वरच्या मजल्यावरून झोपाळलेल्या डोळ्यांनी उतरले.

"शेठ, दोन केपा वर राहिल्यात. काशीराम दहा घेऊन गेलाय."

शेठची झोप उडाली. त्यांनी दोन्ही काडतुसं उजेडात धरून पाहिली. "त्याच्या दहात असेलच असं आहे का?"

"नसंलच असंबी नाय."

"हे बघ," शेठ आवाज खाली आणत म्हणाले, "तू तिथे जाऊन बोललास की उद्या तालुकाभर होईल. परवाना माझ्या नावावर आहे, कलेक्टर कचेरीला उत्तर मी द्यायचं. आणि तुझं काय? माणसाचा एकदा भरोसा गेला की तुला या बाकावर कोण बसवणार? उद्या सकाळी मी माणूस पाठवून काडतुसं बदलून घेतो. गुपचूप."

"तो आज च्यारला बार काढनार."

तीस वर्षांत आत्मारामने शेठचा शब्द मोडला नव्हता. त्याने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला.

पावसची गाडी स्टँडवर उभी होती, पण तिच्या टपावर आंब्याची रिकामी खोकी चढत होती. एक चळत झाली, दुसरी झाली. मग पेंढ्याच्या गाठी आल्या.

"मास्तर, सोडा ना गाडी!"

"तुमच्या घरी लगीन हाय काय?" कंडक्टर हसला. "हंगाम हाय, बसा निवांत."

गाडी सुटायला पावणेतीन झाले. भाट्याची खाडी ओलांडली तरी आत्मारामला वारा लागला नाही, त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. शेजारच्या माणसाच्या मनगटावर घड्याळ होतं. आत्माराम त्यात इतक्यांदा डोकावला की शेवटी त्या माणसाने आपण होऊनच वेळ सांगायला सुरुवात केली. सव्वातीन. साडेतीन. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि प्रत्येक फाट्यावर कुणाची तरी खोकी उतरत होती. आत्मारामला सारखा काशीरामचा तो हाताचा झटका दिसत होता.

तो उतरला तेव्हा चारला पाच कमी होते. काशीरामच्या घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढायची होती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस तो चढ धावत चढला. अर्ध्यावर असतानाच वरून वानरांची हुपहुप ऐकू आली आणि लगेच कलमांच्या फांद्यांचा सळसळाट.

घरापुढच्या खळ्यात काशीराम पाठमोरा उभा होता. बंदूक उघडी, कोपरावर टाकलेली, दोन्ही नळ्यांत काडतुसं घातलेली. त्याचे डोळे कलमांवर होते. आत्मारामने हाक मारायला तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना. काशीरामचा हात दस्त्याकडे गेला.

"मिटू नको!"

आवाज फाटला, पण निघाला. काशीराम दचकून वळला. "कोन? आत्मारामभाऊ?"

"मिटू नको रे बाबा! केप वर हाय! काढ, आधी काढ ती!"

काशीरामने दोन्ही काडतुसं हळूच काढून पाटावर ठेवली, जिथे बाकीची आठ होती. आत्माराम पाटासमोर गुडघ्यांवर बसला. खिशात हात घातल्यावर त्याच्या लक्षात आलं की पट्टी बाकावरच राहिली. सवयीने त्याने एक काडतूस उचललं, बुडावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. त्याला रडूच कोसळेलसं वाटलं.

काशीरामची बायको सखू आंबोशीसाठी कैरीच्या फोडी करत होती. ती विळी आडवी करून दाराशी आली होती.

"वयनी," आत्माराम म्हणाला, "हात पुसा नि हिकडं बसा. याच्यावरनं अंगठा फिरवा. दाबू नका. कुठं अडकलं तर सांगा."

"मी?" सखूने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

तिने पदराला हात पुसले आणि एकेक काडतूस घेतलं. "ही गुळगुळीत हाय. ही पन. ही पन." आठ झाली. नळीतून काढलेल्या दोनांतलं पहिलं झालं. शेवटच्यावर तिचा अंगठा गेला, थांबला, परत मागे आला.

"हितं अडकतंय," ती म्हणाली.

कलमांवर वानरं खुशाल आंबे ओरबाडत होती. काशीराम स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"तुमचा अंगठा कधी चुकत नाय म्हनतात," तो हळूच म्हणाला.

"गेला तो. दुपारी मासळीचा काटा रुतला, तरी कळला नाय." आत्मारामने दहाही काडतुसं गोळा केली. "ही मी घेऊन जातो, आज बार काढायचा नाय. उद्या शेठ दुसरे देतील. नि ऐक, आता माझ्या हातचं काडतूस घेऊ नको. कोनी विचारलं तर असंच सांग."

"येवढं धावत आलात, नि मी असं सांगू?"

"सांग म्हंजे सांग."

सखूने कोपऱ्यातला रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि काठीने बडवत ती बागेत धावली. "हाऽऽड! हाऽऽड!" काशीरामही ओरडत तिच्या मागे गेला. त्या दिवशी त्यांचे बरेच आंबे गेले असणार.

परतीच्या गाडीत आत्मारामला खिडकी मिळाली. नऊ काडतुसं रुमालात बांधून मांडीवर होती. खोलीची किल्ली उद्या सकाळी शेठच्या हातात द्यायची, हे त्याचं ठरलं होतं. आनंदीबाईला काय सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं. दहावं काडतूस त्याने खिशातून काढलं. उतरतं ऊन आडवं पडलं होतं आणि केपेची वर आलेली कड पितळेवर बारीक सावली टाकत होती. एवढी स्पष्ट, की चष्म्याशिवायही दिसावी.

त्याने डोळे मिटले आणि बुडावरून अंगठा फिरवला. अगदी सपाट लागलं, गेली तीस वर्षं लागत आलं होतं तसंच.