पगडी लपवल्याचा अर्ज

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वेणीमाधवरावांच्या इंग्रजीचा भारी बोलबाला. निम्मी पेठ अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याच ओसरीवर यायची. अशा माणसाने हौसेने बायकोला इंग्रजी शिकवायला घेतलं आणि गाडी अडली ती 'देअरफोर'पाशी. यशोदेला तो शब्द इतका आवडला, की ती तो उठसूट वापरी. 'मला भूक लागली, देअरफोर चंद्र उगवला,' असं पाटीवर लिही, आणि स्वारी कपाळाला हात लावी.

"अगं, देअरफोर म्हणजे म्हणून. आधीचं कारण इतकं भक्कम हवं, की पुढचं केल्यावाचून गत्यंतरच नाही."

पौषात वेणीमाधवरावांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं तापलं होतं, तरी त्यांनी कोट चढवलाच. "आज तपासणी आहे. नाही गेलो तर साहेब काय म्हणतील?"

यशोदेचे थोरले दीर असेच तापात कचेरीला गेले होते, आणि टांग्यातून घरी आणलं ते त्यांचं प्रेतच. मेली ती कचेरी नि मेली ती तपासणी. पण बोलून उपयोग नव्हता. तिने गुपचूप पगडी उचलली आणि ज्वारीच्या कणगीत पुरली. उघड्या डोक्याने कचेरीत जाणारा कारकून सोलापुरात अजून जन्माला यायचा होता. स्वारी घरभर पगडी शोधत होती, तेवढ्यात चुलीपाशी बसून तिने जन्मातला पहिला इंग्रजी अर्ज लिहिला आणि शेजारच्या शिवपुत्र शिपायाच्या हाती कचेरीत धाडला.

शोधून शोधून वेणीमाधवराव कोटासकट अंथरुणावर कोसळले. "तूच लपवलीस. आता माझी नोकरी गेली समज," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. ती त्यांच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत राहिली. नोकरी खरंच गेली तर काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी शिवपुत्र आला. "वैनी, सायेब आदी लई हसलं. मग परत वाचलं आन् ह्ये लिवून दिलं की."

वेणीमाधवरावांनी उठून कागद ओढून घेतला. अर्ज तीनच ओळींचा होता. 'माझ्या नवऱ्याला ताप आहे. त्यांचे भाऊ तापात कामावर गेले आणि वारले. देअरफोर मी पगडी लपवली आहे.' खाली लाल शाईत साहेबांचा शेरा होता: 'रजा मंजूर. आठ दिवस पगडी देऊ नये.'

त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली.

"काही चुकलं का?" तिने भीत भीत विचारलं.

"एक अक्षरही नाही." त्यांनी अंगातला कोट काढून तिच्या हाती दिला. "हाही घाल कणगीत."