धुकं अजून आहे का

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी धुक्याची बातमी ऐकून डेलमार क्वामेचा चेहरा जेवढा खुलला, तेवढा तो त्याच्या लग्नातसुद्धा खुलला नव्हता. निदान त्याच्या बायकोचं, आर्डिसचं, तसं म्हणणं होतं. ती कॉफी ओतता ओतता सांगत होती, की नदीवरून असं काही धुकं चढलंय की कोठार दिसत नाही, कोठाराच्या अलीकडचं सफरचंदाचं झाड दिसत नाही, आपली गाडीसुद्धा चाचपडत शोधावी लागणार आहे. डेलमारने कप दोन्ही हातांत धरला आणि गालातल्या गालात हसला. आज सगळ्या गावाची त्याच्यासारखी गत होणार होती.

दोन वर्षं झाली, तो जग दुधातून बघत होता. मिल्वॉकी शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांवरची काच धुरकटत चाललीय. ती बदलता येईल, पण नवी काच धरेलच असं काही सांगता येत नाही. उरलंय तेवढंही गेलं तर काय, या धास्तीने डेलमार पुन्हा त्या दाराशी फिरकला नाही. हंगाम संपू दे, म्हणाला. पुरुषांची दुखणी नेहमी हंगाम संपल्यावर बरी करायची असतात, आणि हंगाम काही संपत नाही.

तो लिंडेल कॉलेजच्या फुटबॉल संघाचा बचावाचा कोच होता, एकतीस वर्षं. कॉलेज एवढंसं, की बस चालवणारा माणूसही कोचच आणि पोरांचे मळके कपडे धुणाराही कोचच. हे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू काखेत मारून धावायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. समोरचा सरकायला लागला की त्याला थोपवायचं कसं, ते डेलमारने ठरवायचं. बाकांच्या अगदी वर प्लायवुडचं एक खोपटं होतं. तिथे बसून सगळं मैदान बघायचं आणि हेडफोनमधून खाली डाव सांगायचा. ती खुर्ची म्हणजेच डेलमार. खुर्ची गेली तर गावात त्याला कोण म्हणून हाक मारायची, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

आर्डिसशिवाय डोळ्यांचं कुणाला माहीत नव्हतं. गाडी ती चालवायची. लोक म्हणायचे, बाई नवऱ्याला चाकाला हात लावू देत नाही. म्हणू दे, ती म्हणायची, माझं नाव तसंही चांगलं नाहीये. रविवारी चर्चहून आलं की ती समोरच्या संघाच्या सामन्यांची चित्रफीत लावायची आणि बटाटे सोलता सोलता त्याला सांगायची: हा चौऱ्याहत्तर नंबरचा पाय ओढतो, हा पळायच्या आधी जीभ बाहेर काढतो. निम्म्या कोचांपेक्षा तिला खेळ जास्त कळायला लागला होता, आणि तसं ती बोलूनही दाखवायची.

पण ऑक्टोबरात चूक झालीच. समोर नसलेल्या मांडणीवर डेलमारने डाव सांगितला आणि पोरं तोंडघशी पडली. मुख्य कोच कर्ट राश तेव्हा काही बोलला नाही. कर्ट एकेकाळी डेलमारच्याच हाताखाली खेळलेला, आता अडतीसचा. परवा गुरुवारी मात्र तो येऊन उभा राहिला, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि म्हणाला की सोमवारी पुढच्या वर्षाचं बोलू या. टोपी काढून बोललेलं कधी चांगलं नसतं. म्हणजे आजचा शेवटचा सामना डेलमारला एकही चूक न करता काढायचा होता. आज पितळ उघडं पडलं, तर सोमवारी खुर्ची दुसऱ्याची.

खोपट्यात त्याच्या शेजारी गॉर्डी पेलोव्स्की बसायचा, चढाईचा कोच. जाडा, बडबड्या, तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. एरवी त्याच्या बडबडीवर डेलमारचं निम्मं काम भागायचं, कारण गॉर्डीला डोळ्यांना दिसलेलं तोंडाने बोलल्याशिवाय राहवत नसे. आज तो आंधळा होऊन बसला होता आणि नदीला, देवाला, हवामान सांगणाऱ्या बाईला शिव्या घालत होता. मैदान नव्हतंच. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, मऊ, हळूहळू श्वास घेणारं काहीतरी होतं. लाउडस्पीकरवरचा माणूस दोनतीनदा म्हणाला, चेंडू बहुतेक तिसाव्या यार्डावर आहे, आणि मग लाजून गप्प बसला.

डेलमारने खिडकी सरकवून उघडली. गार ओला वास आत आला, गवताचा, आणि खाली भाजत असलेल्या सॉसेजचा. त्याने डोळे मिटले. इतकी वर्षं दर शुक्रवारी त्याने हे मैदान आपल्या हातांनी चुन्याने आखलं होतं. पांढऱ्या रेघा एकेक करून त्याच्या पापण्यांमागे उजळत गेल्या, जणू कुणी पाण्याखाली दिवे लावत चाललंय. पलीकडच्या संघाच्या पोराचा आवाज आला, डाव सुरू करायच्या मोजणीचा, लांबून, विहिरीतून आल्यासारखा. मग खांद्यावर खांदे आदळल्याचा धप्प आवाज. मग शांतता. मग सगळ्यांत जवळच्या बाकावरून एक हुंकार निघायचा आणि तो बाकाबाकांवरून वाऱ्यासारखा पसरत जायचा. पुढच्याने मागच्याला सांगितल्याशिवाय कुणाला काही कळतच नव्हतं.

खालून कर्ट सांगायचा, दुसरा प्रयत्न, आठ यार्ड. तेवढं पुरायचं. पलीकडच्या संघाची पोरं आठ यार्ड उरले की काय करतात, हे आर्डिसने बटाट्यांबरोबर सोलून ठेवलं होतं.

"बर्निस, डावीकडून," डेलमार म्हणायचा.

बर्निस स्काउगे चर्चच्या गाण्यात पहिल्या रांगेत उभी राहायची, आणि दार न वाजवता कुणाच्याही स्वयंपाकघरात घुसायची. म्हणून सगळ्यांनी एकदम आत घुसायच्या डावाचं नाव बर्निस. डेलमारचे सगळे डाव गावातल्या बायकांच्या नावांचे होते. बर्निसला ते ठाऊक होतं, आणि तिचं नाव पुकारलेल्या सामन्यांचा हिशोब तिने मनात ठेवला होता.

डावीकडून बर्निस घुसली आणि चेंडूवाला पोरगा धुक्यात कुठेतरी आडवा झाला. पुढचा डावही बरोबर निघाला. त्यापुढचाही. डेलमारला वाटायला लागलं की आपण खुर्चीत नाहीच, मैदानावर तरंगतोय, पोरांच्या डोक्यावरून वीतभर उंच, आणि प्रत्येकाचा श्वास आपल्याला वेगळा ओळखू येतोय. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला धडधड नव्हती. कुणीच बघत नव्हतं, त्यामुळे कुणी त्याला पकडणारही नव्हतं.

"लेका, तुला दिसतंय तरी काय?" गॉर्डीने विचारलं.

"तुला दिसतं तेच," डेलमार म्हणाला. तेही खरंच होतं.

अर्ध्या खेळापर्यंत लिंडेलचे दहा गुण आणि पलीकडच्यांचे सात. कर्टने मध्यंतरात वर निरोप पाठवला, की म्हाताऱ्याला सांगा, असंच चालू दे. डेलमारने तो निरोप कॉफीबरोबर घोट घोट प्यायला.

तिसऱ्या भागात कधीतरी गॉर्डी गप्प झाला. शिव्याही थांबल्या, बियांचा कुडकुड आवाजही थांबला. बाहेरचं पांढरं जरा जास्तच पांढरं झालं होतं, डोळ्याला टोचणारं. डेलमारला वाटलं, नदीने आणखी एक पदर टाकला.

"कर्ट," तो हेडफोनमध्ये म्हणाला, "धुकं भलतंच दाट झालंय रे. नीट मोजून सांग."

पलीकडून काहीच आलं नाही. शेजारी गॉर्डीची खुर्ची करकरली. इतका वेळ काही आलं नाही, की तार तुटली की काय म्हणून डेलमारने कानाशी चाचपून बघितलं.

"हो, कोच," शेवटी कर्ट म्हणाला. त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. "दाट झालंय खरं. तिसरा प्रयत्न, सहा यार्ड. उजव्या अंगाला दोन दांडगे उभे आहेत. मागचा पळणारा पाऊलभर डावीकडे सरकलाय."

आणि तिथून पुढे कर्ट भरभरून सांगायला लागला. कोण वाकलंय, कोण कुणाकडे बघतंय, कुणाच्या मोज्याला चिखल आहे. मध्येच गॉर्डीलाही कंठ फुटला आणि तोही सांगू लागला. डेलमारला मनातून बरं वाटलं. पोरगा धुक्यात बघायला शिकला, म्हणाला मनाशी. मीच शिकवलंय.

चौथ्या भागात पलीकडच्यांचा एक पोरगा चेंडू घेऊन सुटला आणि पार लांब पळत गेला. तेव्हा बाकांवरून एकच आवाज उठला. सगळ्यांचा मिळून, एका क्षणी, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. पसरत गेला नाही. कुणी कुणाला सांगितलं नाही.

डेलमार खुर्चीत बसल्या जागी गार पडला. इतके सारे लोक एकदम ओरडतात, म्हणजे इतक्या साऱ्यांना एकदम दिसतं. त्याने हात पुढे करून खिडकीच्या फळीवर ठेवला. फळी उन्हाने तापली होती.

पोराला लिंडेलच्या शेवटच्या रेघेपासून आठ यार्डांवर पाडलं. तीन प्रयत्न वाया गेले, चौथा उरला. वीस सेकंद. पलीकडचे थांबले नाहीत, अजून दहा-सातच होतं, तरी चेंडू लाथेने उडवून तीन गुणांत बरोबरी करायला तयार नव्हते. त्यांना जिंकूनच घरी जायचं होतं. कर्टने खेळ थांबवायची खूण केली.

"कर्ट," डेलमार म्हणाला, "धुकं अजून आहे का?"

त्याने तापलेल्या फळीवरचा हात तसाच ठेवला.

"खरं सांग. मी तुला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं."

"नाही, कोच. गेलंय."

"कधी गेलं?"

"अर्धा तास झाला असेल."

अर्धा तास. अर्धा तास दोन दांडगे पुरुष एका म्हाताऱ्यासाठी हवेतून धुकं विणत बसले होते. डेलमारला राग यायला हवा होता, पण तो येता येता वाटेत कुठेतरी विरून गेला. त्याने हेडफोन कानावरून अर्धा काढला.

"मग आता तूच सांग डाव," तो म्हणाला. "तुला दिसतंय."

"मला दिसतंय," कर्ट म्हणाला, "पण काय करायचं ते कळत नाहीये. तुम्ही सांगा. दिसायचं काम माझं."

गॉर्डीने हात लांब करून हेडफोन डेलमारच्या कानावर पुन्हा नीट बसवला. पंच शिट्टी तोंडात धरून उभा असणार. डेलमारने डोळे मिटले. पाण्याखालचे दिवे अजून लागलेले होते.

"त्यांचा चौऱ्याहत्तर नंबरचा," तो म्हणाला. "जमिनीला हात टेकून वाकला की त्याची बोटं बघ. पेरं पांढरी पडलीत का?"

"पांढरी म्हणजे?"

"ढकलायचं असलं की माणूस सगळा भार हातावर टाकतो. मागे सरायचं असलं की नुसता टेकवतो. एवढी वर्षं शिकवून हे तुला सांगावं लागतंय. बघ."

शिट्टी झाली. पोरं वाकली. कर्टला इतक्या लांबून पेरं दिसतात की नाही, ते देवच जाणे. पण तो रेघेपर्यंत पुढे धावला होता. पंच त्याच्यावर ओरडला, तो आवाज डेलमारला वर ऐकू आला.

"नाहीत पांढरी," कर्ट म्हणाला. "नुसता टेकवलाय."

"मग तो मागे सरणार, म्हणजे ते चेंडू फेकणार. ईडा."

ईडा हाउगेन नव्वदीची होती. ती आपल्या ओसरीवरून हलत नसे, पण तिच्यासमोरून गेलेलं मांजर तिच्या नजरेतून सुटत नसे. अकराही पोरं आपापल्या ओसरीवर बसली. कुणी पुढे धावलं नाही. चेंडू हवेत गेला असावा, कारण सगळे लोक एकदम गप्प झाले. ती शांतता डेलमारला फार लांब वाटली, आणि छान वाटली, उन्हात ठेवलेल्या गादीसारखी. मग चेंडू रिकाम्या गवतावर पडल्याचा एक हलका आवाज आला. तो एवढ्या वर कसा ऐकू आला, असं पुढे गॉर्डीने बरेचदा विचारलं. आला ऐकू.

कर्ट सोमवारपर्यंत थांबला नाही. लोक अजून मैदानात नाचत होते, तेव्हा तो धापा टाकत खोपट्यात येऊन उभा राहिला.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर या खुर्चीत बसू दिलं असतंस?"

कर्टने विचार केला. "नाही," म्हणाला.

"मग झालं तर."

"या वर्षीही बसू दिलं नसतं, आणि पुढच्याही देणार नाही," कर्ट म्हणाला. "इथे बघणारा माणूस लागतो, कोच."

डेलमारने मान हलवली. हे बोलणं दोन वर्षं तो स्वप्नात ऐकत आला होता, आणि दर वेळी स्वप्नात जमीन फाटायची. आता ऐकलं तर खालून नुसता सॉसेजच्या धुराचा वास आला.

"तुम्ही खाली, माझ्या शेजारी उभं राहायचं," कर्ट म्हणाला. "मी बघेन, तुम्ही सांगा. पण सगळ्यांना सांगून. पोरांनासुद्धा. लपवाछपवी मला जमत नाही. आज अर्धा तास केली, तेवढी बास."

"आणि डॉक्टरकडे जायचं," गॉर्डी मध्येच बोलला. "नाहीतर तुझ्या नावाचा डाव काढीन. कुणीच कुठे बघायचं नाही, असा."

डेलमारने त्याला एक जुनी, चर्चमध्ये न चालणारी शिवी हासडली. मग कोट शोधला. कोट खिळ्यावर होता, तो सापडला. दार सापडलं. दाराबाहेर बाकांमधून उतरणारा जिना होता. एरवी तो शेवटी निघायचा, सगळे गेल्यावर, कठडा धरून, पाय घासत, कुणी बघत नाही ना याचा कानोसा घेत. आज जिन्यावर माणसं होती. बर्निस होती, तिची बहीण होती, पोरांचे आईबाप होते, आणि सगळे वर बघून त्याच्या नावाने टाळ्या वाजवत होते.

तो पहिल्या पायरीवर थांबला.

"गॉर्डी," तो म्हणाला, हळू नाही, चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला पायऱ्या दिसत नाहीत. खांदा दे."

टाळ्या थोड्या विरळ झाल्या. बर्निस काहीतरी बोलायला तोंड उघडून तशीच राहिली, हे गावात पहिल्यांदाच घडलं. गॉर्डी एक पायरी खाली जाऊन उभा राहिला. त्याचा खांदा रुंद आणि ओलसर होता.

खाली फाटकाशी आर्डिस गाडी चालू ठेवून बसली होती. तिने वर बघितलं. नवरा भर उजेडात, सगळ्यांदेखत, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत होता. तिने गाडी बंद केली आणि काच खाली घेतली. आज घाई नव्हती.